रंगपंचमी ते चैत्र पौर्णिमा : देवळ्याला येतेय, कुठे कुठे जाऊ?

सावरी

तिकिटं निघाली एकदाची! रंगपंचमीच्या आदल्या दिवशी नाशकात पोचतोय आणि चैत्र पौर्णिमा सप्तशृंगी गडावर करून परत. माहेर नाशिक जिल्ह्यातलं देवळा, मावशी नाशकात पंचवटीत, आणि सध्याचा पत्ता टोरांटो, जिथे या दिवसांत फावड्याने बर्फ ओढल्याशिवाय गाडी दारातून हलत नाही.

लग्न झाल्यापासून आम्ही कायम डिसेंबरातच येत आलो. थंडी, लग्नसराई, नातेवाइकांच्या घरी ताटावर ताटं, की झाली सुट्टी. फाल्गुन-चैत्रातलं गाव शेवटचं बघितलं ते कॉलेजात असताना. यंदा शाळेची परवानगी काढून लेकालाही आणतेय. वय चौदा. त्याच्या लेखी देवळा म्हणजे आजीचं घर आणि न चालणारं वायफाय. म्हणून कार्यक्रम भरगच्च आखलाय: त्र्यंबकेश्वर, नांदूरमधमेश्वर, साल्हेर, गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागा, येवल्याला पैठणी, सिन्नरचं गोंदेश्वर, शिर्डी, जमलंच तर वेरूळ. रोज सकाळी गाडी काढायची, रात्री देवळ्याला मुक्काम.

काय ठेवू, काय गाळू? ऊन कितपत असेल? आणि पाडव्याला (१९ मार्च २०२६) कुठे असावं?

उनाडटोळ

यादी झकास. साल्हेर अजिबात गाळू नका. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक. १६७२ ला इथे मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, ते लेकाला पायथ्याशीच सांगून ठेवा, वर धाप लागलेली असते. फक्त एक: पहाटे अंधारात चढायला सुरुवात करायची आणि ऊन तापायच्या आत खाली. मार्चच्या शेवटी दुपारी बागलाणात दगड भाजतो. पाणी पाठीवर न्या, वरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका.

वेरूळ मात्र सोडा, तो वेगळा दौरा आहे.

कसमादे

सावरीताई, राम राम. यादी वाचली. जिल्ह्यातलं सगळं आलंय, देवळा तेवढं राहिलं. दिवस उजाडला की गाडीत आणि रात्री झोपायला गावात, मग पोराला वायफाय नसलेलं घरच दिसणार, दुसरं काय दिसणार?

मार्चात इकडे उन्हाळ कांदा काढणीला येतो. अख्खा तालुका शेतात असतो. एक दिवस पोराला आमच्याकडे पाठवा, उमराणे रस्त्याला मळा आहे. कांदा उपटायचा, ओळीने मांडायचा, पुढच्या ओळीची पात मागच्या कांद्यावर येईल असा, म्हणजे ऊन कांद्याला लागत नाही आणि पात हळूहळू सुकते. मग बोटाच्या दोन पेरांएवढी मान ठेवून पात कापायची. मान आखूड कापली की तो कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर खोपीत) सडणार आणि शेजारच्या चारांना घेऊन जाणार. नंतर निवड: गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, जोड वेगळा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) वेगळा. चांगला माल चाळीत. चाळ नीट भरली, खालून-बाजूंनी वारा खेळता राहिला, तर दिवाळीच्या आसपासपर्यंत टिकतो.

भाव मात्र विचारू नका. लासलगावचा आणि उमराण्याचा आकडा दुपारी मोबाइलवर येतो आणि रात्रीच्या जेवणात कोण किती बोलणार ते त्याच्यावर ठरतं.

चहाबाज

म्हणजे दादा, मजूर आता थेट टोरांटोहून?

कसमादे

इथे मिळत नाहीत, तिथून आला तर सोडतो काय. भाकरी-ठेचा आणि वर दोन वेळचा चहा.

पंचवटीकर

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी पोचताय ना? मग दुसऱ्या दिवशी देवळ्याला पळू नका. मावशीकडेच थांबा. यंदा ८ मार्च, रविवार आहे, गर्दी विचारू नका.

बाहेरच्यांसाठी सांगतो. नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला. धुळवडीला आमच्याकडे वीर निघतात, त्यांतल्या मानाच्या दाजिबा वीराची मिरवणूक असते. रंग मात्र पाच दिवस थांबतो आणि तो खेळायचा रहाडीत. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटातला दगडी हौद, पेशव्यांच्या काळापासूनचा. वर्षभर तुम्ही त्याच्यावरून स्कूटर नेता आणि पत्ताही नसतो. पंचमी जवळ आली की माती उकरायची, लाकडी फळ्या काढायच्या, हौद धुवायचा, पाणी आणि रंग भरायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौकातली पिवळी, शनी चौकातली गुलाबी. मानकरी पूजा करतात आणि मग धप्पे सुरू.

धप्पा मारायची रीत आहे. काठावरून अंग झोकून द्यायचं, पाणी चहूकडे उडून काठावरची सगळी रंगली पाहिजेत. पाण्याला फुलांचा, काढ्याचा असा एक वास असतो, तो कपड्यांना दोन धुण्यांपर्यंत राहतो. लेकाला जुना शर्ट द्या, चष्मा असेल तर मावशीच्या हातात. संध्याकाळ झाली की रहाड पुन्हा बंद, फळ्या, माती, आणि चार दिवसांत वरून रिक्षा.

एक सूचना: सिंहस्थाच्या (२०२७) कामांमुळे गोदाकाठी कुठला रस्ता कधी वळवलेला असेल सांगता येत नाही. गाडी लांब लावा, चालत या.

सावरी

पंचवटीकर, मी नाशिक जिल्ह्यात वाढले आणि रहाडीत एकदाही उतरले नाही. मुलींनी काठावर उभं राहायचं असं घरचं म्हणणं असायचं. आता कसं आहे?

पंचवटीकर

आता बायकांसाठी वेळ राखून ठेवतात बऱ्याच ठिकाणी. मावशींना गल्लीत चौकशी करायला सांगा. आमची बहीण गेल्या वेळी उतरली, तिची सासू काठावर टॉवेल घेऊन उभी.

येवलेकर

पंचमीचं म्हणाल तर आमच्याकडेही या कधीतरी. ट्रॅक्टरवर रंगाची पिंपं चढवून दोन बाजूंनी समोरासमोर सामने होतात. पण एका दिवशी दोन्ही होणार नाही. पैठणीचं म्हणाल तर कुठल्याही दिवशी या, घराघरांत माग आहेत. दुकानात शिरायच्या आधी एखाद्या मागाजवळ अर्धा तास बसा. पदरावरचा मोर एका बैठकीत किती बोटं पुढे सरकतो ते बघितलं की भाव करताना जीभ आपोआप नरम होते.

पाणकोंबडी

नांदूरमधमेश्वर पहिल्या आठवड्यातच उरका. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं धरण, २०२० पासून राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) वगैरे सगळं खरं, पण पाहुणे पक्षी तुमच्या तिकिटाची वाट बघत नाहीत. उन्हं चढायला लागली की थापट्या, चक्रवाक ही मंडळी उत्तरेची वाट धरतात. मार्च संपताना गेलात तर घरची माणसं भेटतील: जांभळ्या पाणकोंबड्या, करकोचे, बगळे. मला त्याही आवडतात (नाव बघा माझं), पण ज्याला पहिल्यांदा दाखवायचंय त्याला गर्दी दाखवावी.

सकाळी सूर्याबरोबर चापडगावच्या बाजूला पोचा. गडद कपडे, आवाज बंद. चौदा वर्षांच्या मुलाला दुर्बीण दिली की तो बोलायचा थांबतो, हा घरचा अनुभव आहे.

निफाडकर

नांदूरहून परतताना द्राक्षं निफाडातच घ्या, धरणाकडच्या पॉश बागांत तिकीट काढून बघण्यापेक्षा. तिथे ग्लासाचं कौतुक जास्त, बागेचं कमी. (वाइनवाल्यांनी रागावू नये, माझाही माल तिकडे जातो.) मार्चात तोडणी ऐन रंगात असते. पहाटेपासून बायका कात्री घेऊन मांडवाखाली, घड देठाला धरून कापायचा, मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावरची ती पांढुरकी लव पुसली गेली की निर्यातवाला नाक मुरडतो. गळालेले मणी वेगळे, ते बेदाण्याला. तुम्ही मात्र मणीच मागा. स्वस्त, आणि झाडावर पूर्ण पिकल्यामुळे गोडीला घडाच्या वरचढ.

या दिवसांत आभाळ भरून आलं तर आमच्याशी बोलायला येऊ नका. एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग नुसत्या काड्यांची दिसते, तेव्हा उशीर करू नका.

ओट्यावरची

सगळे बाहेरचंच सांगताय. अगं सावरी, पंचमी ते पाडवा म्हणजे गच्चीचे दिवस! आईंना फोन करून विचार, गहू कधी भिजत घालणार आहेत ते. कुरडया तू आल्यावर घालायला सांग.

तीन दिवस गहू भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, फडक्याने गाळून चीक रात्रभर पातेल्यात बसू द्यायचा. सकाळी वरची निवळ अलगद ओतून टाकली की तळाला पांढरा घट्ट चीक. आधणात मीठ, हिंग, आणि मग एकीने ओतायचं, दुसरीने लाटण्याने घोटायचं. इथे दुसरी माणूस हवीच, हात थांबला की गुठळी. चीक चकाकायला लागला, लाटण्यावरून जड पडायला लागला की झाला. सोऱ्यात भरायचा आणि ऊन कडक व्हायच्या आत गच्चीवर जुन्या साडीवर कुरडया. हात पोळतात, पाठ मोडते, आणि घोटताना जी बोलणी होतात ती एरवी कुठे होत नाहीत.

लेकासाठी पातेल्याच्या तळचा गरम चीक. आमच्याकडे तूप-साखर, तुमच्या बागलाणात तेल आणि लाल तिखट घेतात ना? नंतर त्याला काठी देऊन गच्चीवर बसव. कावळे हाकायला वायफाय लागत नाही.

देवळ्याची सून

सगळं वाचून गंमत वाटली. मी देवळ्यातच राहते, म्हणून दोन शब्द.

माहेरवाशिणीला कुरडयांची हौस असते, आम्हाला तो एक जास्तीचा दिवस असतो. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी वाळवण बचत गटाकडून घ्यायला सुरुवात केलीय आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. सकाळची शाळा सुरू झाली की डबा साडेसहाला, दहावीच्या परीक्षा, लग्नाच्या पत्रिका, त्यात नळाला पाणी एक दिवसाआड झालं की धुणं त्या हिशोबाने. मागे एका टूरवाल्याने "खेड्यातलं जीवन" दाखवायला गाडी भरून लोक आणले, आमच्या शेजारच्या आजींना विचारल्याशिवाय चुलीसमोर बसवून फोटो काढले आणि गेले. आजींकडे गॅस आहे. चूल फक्त पाणी तापवायला.

सावरीताई तशा नाहीत, त्यांचं घरच आहे इथे. पण गाव डिसेंबरात जेवायला बसलेलं दिसतं, मार्चात ते कामात दिसेल. कुणी थांबून गप्पा मारल्या नाहीत तर राग मानू नका. संध्याकाळी सातनंतर या, रसवंतीवर सगळे असतात.

सावरी

सूनबाई, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. आईला आज फोन केला. ती म्हणाली, "कुरडया मी गेल्या वर्षापासून विकतच घेते, पण तू घोटणार असशील तर गहू आणते." म्हणजे लाटणं माझ्या हातात ठरलं.

बुकिंगवाल्याला गाडी निम्म्याच दिवसांची सांगितली. शिर्डी, वेरूळ, वाइन गेलं. साल्हेरबद्दल लेक आणि त्याचा मामा ठरवतील.

उनाडटोळ

म्हणजे मी सुचवलेलं सगळं कांद्यात गेलं! ठीक आहे. पण मंडळी, एक बाजू माझीही. हे पोर उद्या मोठं होऊन स्वतःच्या पैशाने आलं तर त्याला फक्त आजीच्या गच्चीची वाट माहीत असून चालेल का? थोडं फिरवा. गोंदेश्वर सिन्नरला, नाशिकहून तासाभरात, सकाळच्या तिरप्या उन्हात एवढं देखणं दिसतं की त्याला मोबाइल काढावासा वाटेलच.

पेठरोड

गोंदेश्वरला दुजोरा. पण वसंत बघायचा तर पश्चिमेला या. मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे. नाशिकहून पेठ रस्त्याला लागा, सावळ घाटाच्या अलीकडे-पलीकडे पळस पेटलेला असतो, पान एक नाही. काटेसावर त्याच्या आधी फुलून जाते, तिची फुलं तुम्हाला रस्त्यावर पडलेली मिळतील.

पहाटे मोह गळतो. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून साफ केलेला असतो, फुलं टपटप पडतात आणि घरची बायकापोरं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत वेचायला. माझ्या वर्गाचा पट मोहाच्या दिवसांत पहिल्या तासाला निम्मा, हे मी हजेरीत कसं दाखवतो ते विचारू नका. पोरं वर्गात आली की अंगाला तो गोड, जड वास.

होळीनंतर गावोगाव बोहाडे असतात. रात्रभर संबळ-पिपाणी, एकेक सोंग मुखवटा चढवून नाचत येतं, गणपतीपासून सुरुवात. प्रत्येक गावाची रात्र वेगळी, कॅलेंडरात छापलेली नसते. तुमच्या दिवसांत कुठे आहे ते मी कळवतो. मुखवटे ही तिथली देवं आहेत, तेव्हा फ्लॅश मारू नका आणि पुढे घुसून बसू नका. अंथरायला चादर आणा.

सुरगाण्याकडून सप्तशृंगीकडे निघालात तर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी मिळेल. लहान, जरा आंबट, महाबळेश्वरपेक्षा मला आवडते. हे मत विकत घेतलेलं नाही.

पंचवटीकर

आणि काळारामाचा रथ विसरलात सगळे! रामनवमीनंतर कामदा एकादशीला, यंदा २९ मार्चला. रामाचा रथ आणि गरुडरथ असे दोन. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडे जुन्या नाशकात जातो. मानकरी रथाकडे तोंड करून अख्ख्या वाटेवर उलटे चालतात. लेकाला ते दाखवा, आणि त्याच देवळाच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला, तेही सांगा. दोन्ही एकाच दाराशी घडलंय.

सावरी

नक्की. एकादशीला मावशीकडे. मग तिथून गड. माझा जीव खरा त्यातच अडकलाय. लहानपणी चैत्रात घरासमोरून खान्देशातले पदयात्री जायचे, रात्री-अपरात्री ढोल ऐकू यायचा आणि आजी अंथरुणातून उठून पाण्याचा हंडा ओट्यावर ठेवायची. यंदा देवळा ते गड चालायचं म्हणतेय. लेक तयार आहे (सध्या तरी). शक्य आहे का?

कसमादे

न व्हायला काय झालं. धुळे-जळगावकडची माणसं आठवडाभर चालून येतात, तुम्हाला तर शेवटचा तुकडा. कळवणमार्गे गडाच्या पायथ्याचं नांदुरी, वाटेत एक मुक्काम धरा. पहाटे तीनला निघायचं, दहाच्या आत सावली गाठायची, दुपार झोपेत, उन्हं उतरली की पुन्हा. नवे बूट घालू नका, पायात जुनेच. टाचेला फोड आला तर वाटेत मंडपात औषधवाले असतात. खाण्याची चिंता नको. रामनवमी ते पौर्णिमा त्या रस्त्याला दर थोड्या अंतरावर कुणी ना कुणी मंडप टाकून बसलेलं असतं, कुठे खिचडी, कुठे सरबत, कुठे नुसते कलिंगडाचे काप. आमच्या मळ्याच्या पोरांचाही आहे, तिथे पाणी वाढायला रात्री माणसं कमी पडतात. पोराला बसवा एक रात्र. कांद्यापेक्षा ते जास्त आवडेल त्याला, अहिराणीही कानावर पडेल.

चतुर्दशीच्या रात्री दरेगावचे गवळी शिखरावर कीर्तिध्वज लावतात. कड्यावर वाट नाही, तरी ते चढतात. पहाटे खाली नांदुरीतून वर बघितलं की निशाण फडकताना दिसतं आणि तेव्हा आख्खा रस्ता ओरडतो.

ये वं माय, वाट दखी ऱ्हायनूत.

देवळ्याची सून

मंडपाचं खरंच करा. आणि आईंना चालायला लावू नका, त्यांना फ्युनिक्युलर ट्रॉलीने न्या, २०१८ पासून पायऱ्यांची सक्ती राहिलेली नाही. मी पोळ्या देईन बरोबर, दोन दिवस टिकतात.

ओट्यावरची

आखाजीपर्यंत राहिली असतीस तर खापरावरचे मांडे आणि आमरस मिळाला असता गं. अक्षय तृतीया १९ एप्रिलला आहे. बघ तिकीट पुढे ढकलता येतंय का!

सावरी

नाही गं, शाळा मान्य करणार नाही. मांड्यांसाठी वेगळं यावं लागणार. आई म्हणते, खापर माळ्यावरच आहे.

चहाबाज

एक राहिलं. परतताना गडावरून नाशिकला कसे येणार? गाडी नांदुरीत सोडायची का?

पेठरोड

यात्रेत खासगी गाड्या वर सोडत नाहीत. नांदुरीच्या पायथ्याला गाडीतळ असतो, तिथून वर एसटी. पौर्णिमेच्या दुपारी उतरायला रांग लांब असते, तेव्हा सकाळचं दर्शन करून लगेच खाली या. नांदुरीहून नाशिकला वणी-दिंडोरीमार्गे जादा गाड्या सुटतात. बोहाड्याची रात्र कळली की याच धाग्यावर टाकतो, फोन नंबर इथे कुणी लिहू नका.